दिवाळीनंतर वर्ग विरळ का होतो?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी जाऊन महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे हजेरीपत्रक चाळले, तर एक गोष्ट हमखास नजरेत भरते. जुलै-ऑगस्टमध्ये बाके भरलेली असतात. दिवाळीची सुटी संपते आणि काही नावांपुढे सलग गैरहजेरी लागू लागते. ही मुले नापास झालेली नसतात, कारण परीक्षा अजून व्हायचीच असते. बारावीला बरे गुण मिळवून, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली अशी ही मुलेमुली असतात. त्यांच्याबद्दल स्टाफरूममध्ये ठरलेले वाक्य ऐकू येते: ‘यांना शिकायचंच नाही.’

हे निदान बहुतेक वेळा चुकते. वर्गातून नाहीसा होणारा विद्यार्थी एका दिवसात नाहीसा होत नाही. शिष्यवृत्ती अडकते, मग खोलीचे भाडे थकते, मग रोजचा एसटीचा प्रवास सुरू होतो, झोप तुटते, अंगात त्राण राहत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही, आणि शेवटी ‘आपल्याच्याने हे होणार नाही’ असे मनात ठसते. या साखळीत सर्वांना दिसते ती फक्त शेवटची कडी, म्हणजे खचलेले मन. मदत मात्र जवळजवळ प्रत्येक कडीवर उपलब्ध आहे, आणि जितकी आधीची कडी धरावी तितकी ती सोपी असते.

बारावीनंतर काय बदलते

शाळेत असेपर्यंत शासनाच्या आरोग्य योजना मुलापर्यंत स्वतः चालत येतात. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. सहावी ते बारावीच्या वर्गांत आठवड्याला एक लोहाची गोळी मिळते. आश्रमशाळेतल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय तिथेच असते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, तो दहा ते एकोणीस वयोगटासाठी. सरकारी रुग्णालयांतील ‘मैत्री क्लिनिक’ याच कार्यक्रमाची. पाळी, वयात येणे, व्यसन, मनातली घालमेल, काहीही तिथे विचारता येते.

बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी साधारण अठरा वर्षांचा असतो. नेमक्या याच वयात यांतल्या बहुतेक योजनांची हद्द संपते. तपासणीचे पथक कॉलेजात येत नाही, गोळी वर्गात वाटली जात नाही. यापुढे मदत मिळते ती मागणाऱ्याला, आणि मागण्यासाठी कोणत्या कार्यालयात, कोणत्या दिवशी, कोणता कागद घेऊन जायचे हे माहीत असावे लागते. यवतमाळचे अमोलकचंद महाविद्यालय, वणीचे लोकमान्य टिळक महाविद्यालय, पुसदचे फुलसिंग नाईक महाविद्यालय अशी जिल्ह्यातली जुनी महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांच्या वर्गांत झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, महागाव अशा तालुक्यांच्या आतल्या गावांतून आणि पोडांवरून (आदिवासी वस्त्यांवरून) मुले येतात. आईवडील शेतकरी किंवा शेतमजूर. ‘हे कुठे विचारायचे?’ याचे उत्तर घरात कुणाजवळही नसते. शहरातल्या सुशिक्षित घरातले मूल आणि हे मूल यांच्यातला सर्वांत मोठा फरक बुद्धीचा नसून या उत्तराचा आहे.

पहिली कडी: पैसा

खचलेल्या विद्यार्थ्याला धीर देण्याआधी त्याच्या शिष्यवृत्तीचे काय झाले ते विचारावे. पुष्कळदा दुखणे तिथेच सापडते.

महाराष्ट्रात बहुतेक शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. विद्यार्थ्याने अर्ज भरला म्हणजे काम झाले, असा सर्वसाधारण समज असतो. तसे नसते. अर्ज आधी महाविद्यालयातल्या लिपिकाच्या लॉगिनवर जातो, तिथून प्राचार्यांच्या आणि पुढे संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा प्रकल्प कार्यालयाच्या. कुठल्याही टप्प्यावर एखादा दाखला अस्पष्ट दिसला, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली निघाली किंवा नावातले एक अक्षर जुळले नाही, तर अर्ज परत पाठवला जातो. परत आल्याची नोंद विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये पडते. सायबर कॅफेत एकदा अर्ज भरून पासवर्डही विसरलेल्या मुलाला ती दिसत नाही. दुरुस्तीची मुदत निघून जाते आणि वर्षाअखेर ‘आलेच नाहीत पैसे’ एवढेच हाती उरते. म्हणून अर्ज भरल्यावर दर आठ-पंधरा दिवसांनी स्वतःच्या लॉगिनमध्ये जाऊन तो कोणाच्या टेबलावर आहे ते पाहणे, हा शिष्यवृत्तीचाच एक भाग समजावा.

दुसरा घोळ बँकेत होतो. बँक खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणे वेगळे आणि ते खाते थेट लाभासाठी (डीबीटी) ‘सीड’ केलेले असणे वेगळे. सरकारी पैसा खाते क्रमांक पाहून येत नाही, आधार क्रमांक पाहून येतो. कोणत्या आधारमागे कोणती बँक, याची एक देशव्यापी यादी असते आणि शेवटी ज्या बँकेत सीडिंग झाले तीच तिथे नोंदलेली असते. मुलीने शाळेत असताना गावाजवळच्या बँकेत खाते काढले, पुढे कॉलेजच्या गावी दुसरे काढले किंवा मोबाइलवरून एखादे खाते उघडताना होकार दिला, तर पैसे भलत्याच खात्यात जमा होतात आणि ती जुने पासबुक भरून भरून थकते. आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते. बँकेत गेल्यावर ‘आधार लिंक आहे का’ असे न विचारता ‘डीबीटीसाठी सीडिंग याच खात्याला आहे का’ असे विचारावे.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के आहे. दोन्ही वाटे एकाच दिवशी येतात असे नाही, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो. त्यात कॉलेजची फीही असते, हे घरी आधीच सांगून ठेवलेले बरे. खात्यात रक्कम दिसली की ती बियाण्याला किंवा दवाखान्याला खर्च होते. त्यात कुणाची लबाडी नसते, गरज असते. पण पुढे फीचा तगादा लागतो आणि विद्यार्थी तोंड चुकवू लागतो.

राहण्याची सोय हा पैशाचाच दुसरा भाग. शासकीय वसतिगृहात जागा मर्यादित असतात. ज्यांना प्रवेश मिळत नाही त्यांना खोली, जेवण आणि इतर खर्चासाठी रोख रक्कम देणाऱ्या योजना आहेत: अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळते. तिची उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे. आदिवासी विद्यार्थ्यांच्या योजनांसाठी जिल्ह्यात पांढरकवडा आणि पुसद अशी दोन एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत. आपले गाव कोणत्या कार्यालयाकडे येते हे ठाऊक नसल्याने कितीतरी मुलांचा एक दिवस आणि एका प्रवासाचे भाडे फुकट जाते.

अर्ज परत येऊन अडकण्यावर एक छोटा, पण मोठा उपयोग होईल असा उपाय महाविद्यालयाच्या हातात आहे. परत आलेल्या अर्जांची यादी लिपिकाच्या लॉगिनवर असतेच. ती दर सोमवारी सूचनाफलकावर लावावी, किंवा निदान वर्गप्रतिनिधीच्या हाती द्यावी. त्याला निधी लागत नाही, मंजुरीही लागत नाही.

दुसरी कडी: प्रवास, झोप आणि डबा

यवतमाळपासून वणी आणि उमरखेड ही दोन्ही गावे शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहेत. इतक्या पसरलेल्या जिल्ह्यात रोज जाऊन-येऊन शिकणारा विद्यार्थी पहाटे उठतो, पहिल्या एसटीने निघतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. विद्यार्थी पासात भाड्याचा दोन तृतीयांश भाग माफ असतो, त्यामुळे पैसा वाचतो. वेळ वाचत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन निघते, त्यामागोमाग कापसाची वेचणी लागते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे घरातला एक हात वाढला की त्या दिवशीची मजुरी वाढते. दिवाळीनंतर वर्ग विरळ होण्याचे एक सरळ कारण पऱ्हाटीच्या शेतात उभे असते.

अठरा ते पंचवीस वयाच्या माणसाला रात्री सात ते नऊ तासांची झोप लागते. या वयात शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकलेले असते. झोप उशिरा येते आणि सकाळी उठवत नाही. यात आळसाचा भाग नसतो. झोपेत मेंदू दिवसभरात शिकलेले पक्के करतो. रात्री दोनपर्यंत जागून पाठ केले आणि पाचला उठून बस पकडली, तर पुस्तक वाचल्याचे समाधान मिळते, पण वाचलेले टिकत नाही. अर्धवट झोपेचा परिणाम रागावर, भुकेवर आणि हुरहुरीवरही होतो. आठवडाभर नीट झोपल्यावर निम्मी उदासी ओसरलेली दिसणे नवलाचे नाही, म्हणून समुपदेशक पहिल्या भेटीत झोपेचा प्रश्न विचारतातच.

जेवणाचेही तसेच. सकाळी चहा-पोहे, दुपारी बसस्थानकावर समोसा, रात्री घरी भाकर-भाजी, असा दिवस गेला की पोट भरते पण रक्त भरत नाही.

तिसरी कडी: रक्त

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे मुलींच्या बाकावर दोघी बसल्या असतील तर त्यांतल्या एकीचे रक्त कमी असण्याची शक्यता मोठी. रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि मेंदूपासून पोटरीपर्यंत सगळीकडे पोचवते. ते बनवायला लोह लागते. स्त्रियांत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या आणि पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. धाप लागणे, डोके जड होणे, दुपारच्या तासाला डोळे मिटणे, चिडचिड, वाचताना ओळ सुटणे ही त्याची लक्षणे. शेवटची तीन वाचली की लक्षात येते, हीच लक्षणे ‘अभ्यासात लक्ष नाही’ या सदरातही मोडतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळी घेतल्यावर किंवा जेवणासोबत लगेच चहा घेतल्यास लोह शरीरात नीट शोषले जात नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व मात्र ते शोषायला मदत करते. गोळीने शौचाला काळी होते, कधी मळमळते. हे आधी कुणी सांगितले नसल्यानेच अनेक मुली दोन दिवसांत गोळ्या सोडून देतात.

विदर्भात रक्ताचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय इथल्या विद्यार्थ्याचे आरोग्य समजणार नाही: सिकलसेल. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात एक बारीक बदल असतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की एरवी गोल असणारी लाल पेशी विळ्याच्या आकाराची आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडे, सांधे, पोट यांत असह्य कळा येतात. हा बदल आईवडिलांपैकी एकाकडूनच आला असेल तर ती व्यक्ती ‘वाहक’ असते. तिला सहसा काहीही त्रास होत नाही. दोघांकडूनही आला तर ‘रुग्ण’. काही आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत याचे प्रमाण जास्त आहे.

कॉलेजच्या वयात हा आजार पुन्हा डोके वर काढतो, कारण त्याला चाळवणाऱ्या गोष्टी याच वयात एकत्र येतात: पाणी कमी पिणे, ताप अंगावर काढणे, थंडीत उघड्यावर राहणे, अंगाबाहेर श्रम. पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलांत एखाद्याचे पाय दरवेळी दोन-दोन दिवस ठणकत असतील, डोळे पिवळसर दिसत असतील, तर त्याला ‘स्टॅमिना वाढव’ असा सल्ला देण्याआधी तपासणी करून घ्यायला सांगावे. पहिली चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या चाचणीत वाहक की रुग्ण ते ठरते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. म्हणजे शाळेच्या योजनांतून बाहेर पडलेला विद्यार्थी यात बसतो. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने पुष्कळ रुग्णांत कळांचे झटके कमी होतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास शिक्षणातल्या आणि परीक्षेतल्या सवलती मागता येतात. आणखी एक गोष्ट याच वयात कळायला हवी. दोन वाहकांचे लग्न झाले तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्न ठरण्याआधी दोघांनी तपासणी करून घेतली, तर पुढचे निर्णय माहितीनिशी घेता येतात.

चौथी कडी: ताण शरीरात काय करतो

पेपर हातात पडतो, पहिला प्रश्न ओळखीचा असतो, आणि उत्तर काही केल्या आठवत नाही. पेपर देऊन व्हरांड्यात आल्यावर तेच उत्तर ओळीने आठवते. हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाचा आहे आणि ताण म्हणजे काय हे समजायला तोच पुरेसा आहे.

धोका जाणवला की मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी आधी ॲड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. छाती धडधडते, श्वास वाढतो, रक्तातली साखर वाढते, पचन मंदावते. शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होते. जंगलात याचा उपयोग होता. परीक्षेच्या हॉलमध्ये पळायचेही नसते आणि लढायचेही नसते. तिथे साठवलेले बाहेर काढायचे असते, आणि कॉर्टिसॉल वाढलेले असताना मेंदूचे नेमके तेच काम अडखळते. धोका टळला की काही वेळात ही रसायने ओसरतात, म्हणून व्हरांड्यात उत्तर आठवते. आधी आठवले नाही म्हणजे अभ्यास झालाच नव्हता, असे मुळीच नसते.

एवढ्यापुरता ताण घातक नसतो. प्रश्न येतो तो ओसरू न शकणाऱ्या ताणाचा. शेतातल्या पंपाला शेतकरी ‘ऑटो’ लावून ठेवतात. रात्री-अपरात्री वीज आली की मोटर आपोआप सुरू होते, कुणी जागे राहायला नको. सोय उत्तम आहे. पण विहिरीला पाणी नसतानाही ऑटो मोटर सुरू करतोच, आणि मोटर कोरडी चालून जळते. शरीरातली ताणाची यंत्रणा अशीच आहे. फीची नोटीस, घरून आलेला फोन, मागे राहिलेला विषय, खोलीमालकाचा तगादा, यांतल्या प्रत्येकाला ती वाघ समजूनच सुरू होते, आणि एकामागून एक कारणे येत राहिली तर बंदच होत नाही. मग झोप उडते, पित्त वाढते, डोके दुखते, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही आणि लक्षात राहणे आणखी कमी होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहणे, आवडत्या गोष्टीतही रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत. तिथून पुढे तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत.

यंत्रणा शांत करायचे शरीराजवळचे मार्ग साधे आहेत. श्वास आत घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ घेऊन सावकाश सोडला की हृदयाची गती उतरते. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर असे पाच-सहा श्वास घेतले तरी फरक पडतो. रोज अर्धा तास चालणे, ठरल्या वेळी झोपणे आणि दिवसातून एकदा तरी कुणाशी मोकळे बोलणे, यांचा परिणाम सावकाश पण खात्रीने होतो.

उलट, विदर्भात ताणावरचा उपाय म्हणून सर्रास धरला जातो तो खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार केलेली ही पुडी चघळली की पाच मिनिटे बरे वाटते. तंबाखूतले निकोटिन रक्तातून उतरू लागले की बेचैनी आणि चिडचिड सुरू होते, आणि ती घालवायला पुन्हा पुडी लागते. म्हणजे खर्रा जो ताण घालवतो तो बराचसा आधीच्या खर्ऱ्यानेच निर्माण केलेला असतो. सुपारीचे नुकसान वेगळेच आहे. तिने गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दंतवैद्याला दाखवायला उशीर करू नये, कारण पुढे त्याच जागी कर्करोगाचा धोका असतो.

चौकट: जवळ असू द्यावेत असे क्रमांक

मनाच्या त्रासासाठी, मराठीतून, चोवीस तास: टेलिमानस १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६
रुग्णवाहिका: १०८
तातडीची पोलीस मदत: ११२
महिलांसाठी: १८१
अठरा वर्षांखालील मुलांसाठी: १०९८
रॅगिंगची तक्रार: १८००-१८०-५५२२
तंबाखू, खर्रा सोडण्यासाठी: १८००-११-२३५६

बोलायचे कुणाशी

यवतमाळ जिल्ह्याला मानसिक आरोग्याचा विषय नवा नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्याने २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केले. प्रेरणा प्रकल्पात विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन तणावाखालची माणसे शोधू लागल्या. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे या भागातल्या लोकांना बोलायचे नसते, हे खरे नाही. ऐकणारा जवळचा असला तर ते बोलतात. शेतकरी बापासाठी जे झाले, ते त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी तेवढ्याच नेटाने झालेले नाही.

सध्या हाताशी असलेली सर्वांत सोपी सोय म्हणजे टेलिमानस. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक लावल्यावर भाषा निवडायची. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक येतो. काय त्रास होतो, केव्हापासून, झोप कशी आहे, घरी कोण आहे, जिवाला काही करून घ्यावेसे वाटते का, असे प्रश्न तो विचारतो. बोलण्याने भागत असेल तर तिथेच भागते. औषधाची गरज दिसली तर पुढे मानसोपचार तज्ज्ञाकडे जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. एकाच खोलीत चौघे राहतात तिथे फोनवर बोलायला आडोसा नसतो, ही अडचण खरी आहे. त्यासाठी मैदानाचा कोपरा किंवा ग्रंथालयामागची जागा चालते.

समोरासमोर दाखवायचे असेल तर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तालुक्याच्या ठिकाणी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक कोणत्या दिवशी येते, हे उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारता येते.

लोक काय म्हणतील, ही धास्ती सर्वांत मोठी असते. कायदा इथे विद्यार्थ्याच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर ती घरच्यांनाही रुग्णाच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतःच्या संमतीने उपचार घेऊ शकते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच कायदा मानतो. तिला शिक्षा नाही. तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

महाविद्यालयांवरही जबाबदारी आली आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि मदतीचे क्रमांक वसतिगृहात, वर्गांत व इतर ठळक जागी लावलेले असावेत. ग्रामीण महाविद्यालयांत पूर्णवेळ प्राध्यापकांच्या जागाच रिकाम्या असतात. तासिका तत्त्वावरच्या ज्या तरुण सरांजवळ किंवा मॅडमजवळ मुले मोकळी होतात, ते पुढच्या वर्षी असतीलच याची हमी नसते. समुपदेशकाची नेमणूक कागदावर राहू नये असे वाटत असेल, तर विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी ती मागितली पाहिजे.

मित्राने काय करावे

खचलेला विद्यार्थी पहिल्यांदा बोलतो तो बहुधा खोलीतल्या मित्राशी. ‘जास्त टेन्शन नको घेऊ बे’ हे उत्तर मायेनेच दिलेले असते, पण त्याने विषय तिथेच मिटतो. त्याऐवजी जे दिसले ते सांगावे: ‘चार दिवस झाले, तू मेसला येत नाहीस. काय झालं?’ आणि मग गप्प बसावे. उपाय सुचवायची घाई करू नये. दुसऱ्याचे दुःख मोठे सांगून त्याचे लहान करू नये.

‘मी नसलो तरी काय फरक पडतो’ अशी भाषा आली, आवडत्या वस्तू वाटून टाकणे सुरू झाले, किंवा फार अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत झाला, तर सरळ विचारावे: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारा कुणीतरी आहे याने सुटका वाटते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, १४४१६ लावावा, घरच्या किंवा कॉलेजच्या एका विश्वासू मोठ्या माणसाला सांगावे आणि रुग्णालयात सोबत जावे. ‘कुणाला सांगू नको’ ही शपथ या एका बाबतीत पाळू नये. घरात फवारणीची औषधे असतील तर ती कुलपात, राहत्या जागेपासून दूर ठेवावीत, आणि किल्ली एका जबाबदार माणसाजवळ असावी. अशी इच्छा बऱ्याचदा लाटेसारखी येते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत घातक वस्तू हाताशी नसणे, एवढ्यानेही जीव वाचतो.

त्रास दुसऱ्याचा असेल तर

काही वेळा दुखणे विद्यार्थ्याच्या आत नसते, कुणीतरी त्याला त्रास देत असते. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. जातीवरून, भाषेवरून, आश्रमशाळेतून आल्यावरून वसतिगृहात चालणारी हिणवणी ‘थट्टा’ या नावाखाली खपवून घेऊ नये. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक महाविद्यालयात २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. फी, निकाल, कागदपत्रे अडवून ठेवणे अशा गाऱ्हाण्यांसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल आहे. कोणताही अर्ज दिल्यावर त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. पुढचा सगळा पाठपुरावा त्यावरच होतो.

वर्ष बुडालेच तर

इतके करूनही कधी सत्र सुटते. सेमिस्टर पद्धतीत राहिलेले विषय एटीकेटीच्या नियमांत बसत असतील तर पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो आणि ते विषय नंतर सोडवता येतात. नियम अभ्यासक्रमानुसार बदलतात, म्हणून परीक्षा विभागात विचारून खात्री करावी. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) विद्यार्थ्याच्या नावे श्रेयांक बँकेत जमा राहतात. शिक्षण मध्ये थांबले तरी मुदतीत ते पुढे वापरता येतात. रोज कॉलेजात येणे शक्यच नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी शेती किंवा नोकरी सांभाळून घेता येते. खंड पडलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा शिष्यवृत्तीचा अर्ज करताना त्या काळाचे प्रतिज्ञापत्र लागते. ते प्रवेशाच्या वेळीच करून ठेवावे आणि शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा व उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रतींसोबत एकाच फाइलीत लावावे.